दोष कोणाचा आणि औषध कोणास?

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात बेगडेवाडी मुक्कामी एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण. येत्या सर्वसाधारण सभेतील चर्चेस उपयोग व्हावा म्हणून ते येथे सविस्तर छापले आहे.)



शालान्त परीक्षेपलीकडे आमचे शिक्षण गेलेले नाही. सारा जन्म प्राथमिक शाळेतील मुलांस मुळाक्षरे आणि पाढे शिकविण्यात गेला. तेव्हा वैद्यकशास्त्रासारख्या गहन विषयावर चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल तर तो रास्तच आहे. परंतु आज आम्ही जे बोलणार आहोत ते वैद्य म्हणून नव्हे. आपल्या संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या समितीवर गेली काही वर्षे काम करताना आमच्या हातून जी एक चूक घडली, ती आपणांसमोर ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे निधीच्या नियमांत एक नवे कलम घालण्याचा ठराव येत आहे. अतिआहार, व्यसन अथवा स्वतःची हेळसांड यांमुळे उद्भवलेल्या व्याधीस निधीतून साहाय्य मिळू नये, असा त्याचा आशय आहे. ठराव वरवर पाहता न्याय्य वाटतो. निधी थोडा, अर्ज पुष्कळ. मग ज्याने आपल्या हाताने आपले शरीर बिघडविले त्यास इतरांनी कां पोसावे? हा युक्तिवाद ऐकून पुष्कळांनी माना डोलविल्या आहेत. सांगावयास संकोच वाटतो, पण त्या कलमाचा पहिला मसुदा आमच्याच हस्ताक्षरात आहे. तो आम्ही परत घेत आहोत, आणि कां घेत आहोत हे सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

सुमारे तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी समितीपुढे अर्ज घेऊन आली. पती निवर्तलेले, पदरी दोन मुली. पहाटे पाचच्या लोकलने देहूरोडला जावयाचे, तेथे चार घरी पोळ्या लाटावयाच्या आणि सायंकाळी एका खानावळीत भाकऱ्या थापावयाच्या, असा तिचा नित्यक्रम. वजन अठ्ठ्याऐंशी किलो, रक्तात साखर आणि दोन्ही गुडघे झिजलेले. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली होती. समितीत आम्ही चौघे होतो. बाई आत येताच आमच्यातील एक जण गालातल्या गालात हसले, आणि खोटे कशाला बोला, आम्हीही हसलो. अर्जावर आम्ही शेरा लिहिला, "प्रथम वजन कमी करावे, नंतर अर्ज करावा." अक्षर अर्थातच वळणदार होते.

त्याच बैठकीत आणखी दोन अर्ज मंजूर झाले. एक तरुण जुन्या महामार्गावर दुचाकीवरून पडला होता. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. "पोर आहे, चुकले," असे म्हणून आम्ही मंजुरी दिली. दुसरा अर्ज एका प्रतिष्ठित गृहस्थांचा. चाळीस वर्षे विड्या ओढून त्यांची फुफ्फुसे निकामी होत आली होती. त्यांस तर कोणी काही विचारलेच नाही. अर्ज परत घेताना ती बाई एवढेच म्हणाली, "गुरुजी, मी बसून जेवते तरी केव्हा?" आम्ही उत्तर दिले नाही.

पुढे पावसाळ्यात तव्याचा चटका बसून तिच्या पायास जखम झाली. मधुमेही माणसाच्या पायातील संवेदना मंदावते, जखम दुखत नाही आणि आतल्या आत चिघळते. ती दवाखान्यात गेली नाही. "पुन्हा माझे वजनच काढतील," असे ती मुलींस म्हणे. अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली. ही वार्ता आमच्या कानी आली त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

बंधुभगिनींनो, या एका घटनेत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. शरीर स्थूल होण्यास तो मनुष्य स्वतः कितपत जबाबदार, हा पहिला. आणि समजा तो जबाबदार असला, तर त्यामुळे त्याचा औषधोपचाराचा अधिकार कमी होतो काय, हा दुसरा. आपण या दोहोंची गल्लत करतो, म्हणून ते वेगळे करून पाहू.

पहिला प्रश्न आजचा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्यांची लोक निंदा करतात अशा आठ प्रकारच्या पुरुषांची गणना आहे. त्यांत अतिस्थूल जसा आहे तसाच अतिकृशही आहे. पुढे स्थूलतेची कारणे दिली आहेत. अतिआहार, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा निद्रा ही सर्व कारणे तेथे आहेत, आणि या यादीच्या शेवटी बीजस्वभाव हेही एक कारण सांगितले आहे. म्हणजे आईबापांपासून जे आले ते. ग्रंथकार निंदेचा उल्लेख करून थांबलेला नाही. त्याने दोघांचीही चिकित्सा सांगितली आहे. आम्ही चौघे मात्र निंदेपाशीच थांबलो.

चरकाने ज्यास बीजस्वभाव म्हटले त्याची प्रचीती आधुनिक शास्त्रानेही घेतली आहे. १९८६ साली डेन्मार्क देशातील ५४० दत्तक गेलेल्या व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या घरी ही मुले वाढली, ज्यांच्या ताटात जेवली, त्या दत्तक आईबापांच्या अंगलटीशी त्यांच्या अंगलटीचे नाते आढळले नाही. ते आढळले जन्मदात्या आईबापांच्या अंगलटीशी. आपल्याकडे दत्तकाची चाल जुनी आहे, तेव्हा या दाखल्याचे मर्म आपणांस चटकन उमगेल. खाण्याने वजन वाढते हे खरेच. पण तेच अन्न एकाच्या अंगी लागते आणि दुसऱ्याच्या अंगी लागत नाही, हेही तितकेच खरे आहे.

परंतु याहूनही जवळचा दाखला आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याच्या आसपासच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. त्या मातांचे गरोदरपणापूर्वीचे वजन सरासरीने सुमारे बेचाळीस किलो होते. शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी वाहणाऱ्या या स्त्रिया. त्यांची बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोंहूनही थोडी कमी भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळे साडेतीन किलोंच्या आसपास होती. येथवर नवल नाही. नवल पुढेच आहे. आपली बाळे लहानखुरी असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. दिसावयास बारीक, पण आतून मेदयुक्त असे हे बाळ पुढे जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत प्रसिद्धीस आले.

याच डॉक्टरांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात स्वतःचे आणि युडकिन नामक आपल्या इंग्रज स्नेह्याचे छायाचित्र छापले. दोघांच्या उंचीशी वजनाचे प्रमाण अगदी एक, २२.३. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रजाच्या अंगी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के! केवळ नजरेने माणसाचे शरीर ओळखू पाहणाऱ्यांस हे एक छायाचित्र पुरेसे आहे.

गर्भातील उपासमारीचा परिणाम पुढे दिसतो, याची आणखीही उदाहरणे आहेत. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई झाली. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत ज्यांच्या मातांची उपासमार झाली, ते मुलगे तरुण झाल्यावर त्यांच्यात स्थूलतेचे प्रमाण अधिक आढळले. आमचे बालपण पारनेर तालुक्यात गेले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरील तांबडी मिलो आणि दुष्काळी कामावरील सुकडी खाऊन आम्ही दिवस काढले. त्या वर्षी जी बाळे पोटात होती त्यांस आपण काय खाण्यास दिले, याचा विचार आता मनात आला म्हणजे जीव कळवळतो. ज्या बाईस आम्ही खादाड ठरविले तिच्या आईने तिला पोटात वागविताना काय खाल्ले होते, हे आम्ही विचारले होते काय?

आता आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही अंगाने सडपातळ. महाशिवरात्रीस घोरावडेश्वराचा डोंगर न थांबता चढतो, याचा आम्हांस मोठा अभिमान होता. मागल्या वर्षी आशा सेविका आमच्या घरी आली. तीस वर्षांवरील प्रत्येकाची विचारपूस करावयाची म्हणून तिने वहीत वय, तंबाखू, व्यायाम, घराण्यातील मधुमेह यांची नोंद केली आणि कंबरेस फीत लावली. घेर भरला शहाण्णव सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषाचा नव्वदच्या आणि स्त्रीचा ऐंशीच्या आत असावा, असा दंडक आहे. पुढे तपासणीत साखर निघाली. आमच्या तपासण्यांचा खर्च निधीतून पाच मिनिटांत मंजूर झाला. "गुरुजींसारख्या मिताहारी माणसास मधुमेह व्हावा, दैवगती!" असे सर्वजण म्हणाले. व्याधी तीच. त्या बाईच्या बाबतीत तो दोष ठरला, आमच्या बाबतीत दैव! सायंकाळी शेव आणि दोन वेळा तीन चमचे साखरेचा चहा आम्ही वर्षानुवर्षे घेत होतो, हे मात्र कोणी विचारले नाही.

हा विकार आता काही थोड्यांचा राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार दर शंभर प्रौढांपैकी सुमारे चाळीस जणांस पोटाची स्थूलता आणि अकराहून अधिक जणांस मधुमेह आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातील चोवीस स्त्रिया अतिवजनाच्या आढळल्या. त्यापूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण साडेवीसच्या घरात होते. चार-पाच वर्षांत देशभरच्या लोकांचा मनोनिग्रह एकाएकी ढळला, असे कोणी म्हणेल काय? माणसे तीच आहेत. भोवतालची रहाट पालटली.

आपले बेगडेवाडीच पाहा. पूर्वी देहूरोडच्या डेपोत कामास जाणारी माणसे रुळांच्या कडेने पायी जात. पोरे शेतातून शाळेत येत आणि सुटीत मोकळ्या माळावर हुतुतू खेळत. आज माळाचे प्लॉट पडले. महामार्गावर पायी चालणे म्हणजे जिवाशी खेळ. तळेगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या तरुणास पहाटे घरी येऊन दिवसा झोपावे लागते. चरकाने सांगितलेली दिवसाची निद्रा त्याने हौसेने पत्करलेली नाही. स्थानकाबाहेर थोड्या पैशांत वडापाव मिळतो, पण तेवढ्या पैशांत पोटभर फळे मिळत नाहीत. वडा तळावयाचा तो एकाच तेलात पुनःपुन्हा. अशा ठिकाणी ज्याच्या खिशात थोडे पैसे आणि हाती थोडा वेळ आहे, त्याने वडापाव निवडला तर ती निवड पूर्णतः त्याची म्हणता येईल काय?

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, मग माणसाची जबाबदारी उरलीच नाही म्हणावयाची!" नव्हे, नव्हे. असे आम्ही म्हणत नाही. जन्मभर मुलांस "सकाळी लवकर उठा, व्यायाम करा" असे सांगणाऱ्या शिक्षकाने तसे म्हणणे शोभणारही नाही. माणसाच्या हाती काही आहे, आणि जे आहे ते त्याने केलेच पाहिजे. मधुमेह निघाल्यापासून आम्ही साखर सोडली, रोज पाऊण तास चालतो आणि कंबरेचा घेर तीन सेंटिमीटरने उतरला आहे. परंतु आमच्याजवळ निवृत्तिवेतन आहे, मोकळी सकाळ आहे आणि वेळेवर भाकरी व पालेभाजी वाढणारी गृहिणी आहे. यांतील एकही गोष्ट त्या भगिनीजवळ नव्हती. ज्याच्या हाती जेवढे आहे, तेवढीच त्याची जबाबदारी. आम्ही वर्गात आजारी मुलास आणि धडधाकट मुलास एकच शिक्षा कधी केली नाही; येथे मात्र केली.

आणि शरमेने वजन उतरते, हाही भ्रमच आहे. ज्यांचा वजनावरून उपहास होतो त्यांचे वजन पुढे वाढण्याकडेच कल असतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी एका प्रसिद्ध लेखिकेने एका अतिस्थूल पोलीस अधिकाऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून पोलीस बंदोबस्ताची थट्टा केली. तो अधिकारी मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेशचा होता. आणि आपली स्थूलता अतिआहाराने नव्हे तर आजाराने आली, असे त्याने सांगितले. पुढे मुंबईतीलच एका शल्यचिकित्सकाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. त्यास गुण आला तो उपचाराने. थट्टेने आला नाही.

आता दुसरा प्रश्न. समजा, एखादा मनुष्य खरोखरीच स्वतःच्या दोषाने आजारी पडला. त्यास उपचार नाकारावा काय?

इंग्लंडमध्ये १९४८ पासून सरकारी खर्चाने सर्वांस औषधोपचार मिळतो. तेथेही हा वाद झाला. २००५ साली सफोक परगण्यातील आरोग्य संस्थांनी ठराविक प्रमाणाहून स्थूल असलेल्यांस खुब्याच्या व गुडघ्याच्या शस्त्रक्रिया देण्यावर निर्बंध घातले. २०१६ साली यॉर्क भागात स्थूल रुग्णांच्या निकडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया वर्षापर्यंत लांबणीवर टाकण्याचा प्रस्ताव आला. त्यावर मोठा गवगवा झाला आणि वरिष्ठ यंत्रणेने त्यास स्थगिती दिली. तेथील वादातून एक सूक्ष्म भेद स्पष्ट होतो, तो आपण ध्यानी धरावा. अतिस्थूल माणसास भूल देण्यात अथवा जखम भरून येण्यात धोका अधिक असेल, आणि म्हणून डॉक्टर म्हणतील, "बाई, आधी थोडे वजन उतरवू, मी त्यास मदत करतो, मग शस्त्रक्रिया करू," तर तो वैद्यकीय सल्ला झाला. तो रुग्णाच्या हितासाठी आहे. परंतु काहीही मदत न करता "तुझा दोष, तू भोग" असे म्हणून दार लावणे, ही शिक्षा झाली. सल्ला देण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. शिक्षा देण्याचा अधिकार ना डॉक्टरांस आहे, ना आपल्या समितीस. आमचा शेरा वैद्यकीय नव्हता. आम्ही डॉक्टरांस विचारलेदेखील नव्हते.

शिवाय, दोष पाहूनच उपचार द्यावयाचे ठरविले तर सर्वांचे दोष पाहावे लागतील. शिरस्त्राणावाचून पडलेला तरुण, विडी ओढणारे गृहस्थ, रक्तदाबाची गोळी मध्येच सोडणारा मनुष्य, औषधाचा काळ पुरा न करणारा क्षयरोगी, या सर्वांस परत पाठवावे लागेल. आपण तसे करीत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आपल्या राज्यात हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, तेथे योजनेचे पत्र देण्यापूर्वी "तंबाखू कोणी खावयास सांगितली होती?" असे विचारीत नाहीत. मग स्थूल माणसाच्याच वाट्यास हा प्रश्न कां यावा? कारण इतरांचा दोष फुफ्फुसात, यकृतात, रक्तात दडलेला असतो आणि याचा डोळ्यांस दिसतो. जो दोष दिसतो त्यासच शिक्षा करणे, यास न्याय म्हणत नाहीत.

रोगास दोष मानण्याची ही खोड आपणांस फार महागात पडलेली आहे. कुष्ठरोग हे पूर्वजन्मीचे पाप, असे आपले पूर्वज मानीत आले. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी त्या रोगाचा जंतू शोधला, तरी आपल्या गावकुसाबाहेरची झोपडी हटली नाही. पुढे शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीस तपोवन आणि बाबा आमट्यांनी वरोड्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा कोठे आपल्या दृष्टीत पालट होऊ लागला. त्यांनी रुग्णाच्या पापाचा हिशेब मागितला नाही. त्याच्या जखमा धुतल्या. ज्यास आज आपण "स्वतःच्या कर्माची फळे" म्हणत आहोत, त्याविषयी आपले नातू काय म्हणतील याचा विचार करावा.

पैशाच्या अंगानेही पाहा. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने ठरविलेल्या नमुना अटींत स्थूलतेवरील शस्त्रक्रियेस विमा मिळण्यासाठी उंचीशी वजनाचे प्रमाण चाळीस, अथवा गंभीर व्याधी असल्यास पस्तीस, आणि इतर उपाय निष्फळ ठरलेले असणे आवश्यक मानले. म्हणजे विमा कंपन्यांसही हा आजार आहे हे मान्य करावे लागले. २०२५ साली वजन उतरविणारी नवी टोचण्याची औषधे आपल्या देशात आली, तेव्हा त्यांचा आरंभीचा खर्चच महिन्यास चौदा-सतरा हजार रुपयांच्या घरात होता. ज्याच्याजवळ पैसा आहे तो औषध विकत घेऊन बारीक होईल आणि त्यास कोणी दोष देणार नाही. ज्याच्याजवळ नाही तो स्थूल राहील आणि दोषी ठरेल. दोष आणि दारिद्र्य यांची अशी सांगड घालण्यात आपल्या संस्थेने तरी हातभार लावू नये.

निधी अपुरा आहे, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती आम्ही नाकारीत नाही. सर्वांस पुरेल इतके पैसे आपल्याजवळ कधीच नव्हते. तेव्हा निवड करावीच लागेल. परंतु निवडीचे निकष तीनच असावेत. गरज किती निकडीची आहे? डॉक्टरांच्या मते उपचाराने कितपत गुण येईल? आणि अर्जदाराची स्वतःची ऐपत किती आहे? चौथा प्रश्न, दोष कोणाचा, हा त्यांत नसावा. कारण तो ठरविण्याचे साधन कोणाजवळच नाही. आम्ही चौघांनी ते ठरविले, आणि त्याचा परिणाम आपण ऐकलाच.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, प्रस्तावित कलम मागे घ्यावे. दुसरी, अर्जाच्या नमुन्यात 'व्याधीचे कारण' हा जो रकाना आहे तो काढून त्या जागी 'डॉक्टरांनी सुचविलेला उपचार' असा रकाना घालावा. तिसरी, जबाबदारीची भाषा बोलावयाचीच तर ती आजारापूर्वी बोलावी, आणि प्रथम स्वतःशी बोलावी. आजच्या आपल्या पंगतीत बुंदीचे लाडू, भजी आणि वर आग्रह आहे. "एवढा एक घ्याच" म्हणून ताटात लाडू टाकणारे हात आपलेच, आणि पुढे "फार खातो" म्हणणारे तोंडही आपलेच! पुढील वर्षीपासून पंगतीत आग्रहाची चाल बंद करावी, आणि भाकरी, मुगाची उसळ व पालेभाजी यांस मान द्यावा. शाळेच्या आवारातील उरलेली मोकळी जागा मुलांच्या खेळासाठी राखावी म्हणून संस्थेने ग्रामस्थांबरोबर प्रयत्न करावा. गरोदर लेकीसुनांच्या ताटात दूध, फळे आणि पालेभाज्या येतात की नाही, हे प्रत्येक घराने पाहावे. पुण्याच्या त्या सहा खेड्यांच्या अभ्यासात ज्या माता हे पदार्थ अधिक वेळा खात, त्यांची बाळे अधिक वजनाची आढळली होती. उद्याच्या मधुमेहावरील औषधाचा आरंभ तेथून आहे.

चौथी सूचना लहान आहे. दरवर्षी संमेलनात एका बाजूच्या खोलीत, कोणाचा आकडा कोणास न कळविता, इच्छुकांच्या कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर तपासावी. ज्यांची साखर वाढलेली असेल त्यांस प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करण्यास दोन तरुण नेमावेत. नुसते "वजन कमी करा" म्हणणे सोपे आहे. सोबत जाणे हेच खरे साहाय्य.

ती भगिनी आज येथे आलेली नाही. गेल्या महिन्यात आम्ही तिच्या घरी जाऊन झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तिने आम्हांस बसावयास पाट दिला आणि चहा केला. "साखर घालू का गुरुजी?" असे विचारले. "नको," म्हणालो. ती म्हणाली, "मलाही नको. तेवढेच आपल्या हातात." आपल्या हाती किती आहे याचा तिचा हिशेब आमच्यापेक्षा चोख होता. तिचा अर्ज आम्ही पुन्हा लिहून समितीपुढे ठेवला आहे. या वेळी त्यावर शेरा आम्ही लिहिलेला नाही. तो सभेने लिहावा.